उलट चालणारी कुत्री

गेलं वर्षभर लोकांनी मला एकच प्रश्न विचारला, "चावत नाय ना?" स्टेजवर चढताना विचारला, उतरताना विचारला, पेणच्या बाजारात वालाच्या शेंगा निवडताना विचारला. दातांच्या डॉक्टरांनी तर माझं तोंड उघडं असताना विचारला, म्हणजे उत्तर द्यायचीही सोय नाही. मी कुत्र्याबरोबर नाचते. स्वतः नाचते आणि इतरांना त्यांच्या कुत्र्यांबरोबर नाचायला शिकवते. रोह्यात हे पहिल्यांदा कुणाला सांगितलं, तेव्हा त्या बाईंनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, घरी सगळं ठीक आहे ना अशा नजरेनं. नवरा म्हणाला, "मला काय विचारता, मी नुसती गाडी चालवतो."

त्याआधी कितीतरी वर्षं मी शाळांची स्नेहसंमेलनं बसवत होते. कोळीनृत्य, शेतकरीनृत्य, शेवटी तिरंगा घेऊन एक गाणं. घरी बाहेरच्या खोलीत मी पावलं बसवायची आणि आमचा काळा कुत्रा पायांत लुडबुडायचा. एक दिवस लक्षात आलं, की तो लुडबुडत नाही, मोजून चालतोय. मी वळले की वळतो, थांबले की बसतो. तिथून हे सगळं सुरू झालं. तो दिसायला लॅब्रॅडॉरसारखा आहे. त्याची आई मात्र वरसेच्या नाक्यावर वडापावच्या गाडीमागे राहायची. लोक विचारतात, "लॅब ना?" मी हो म्हणत नाही, पण नाही असंही म्हणत नाही.

मागच्या माघी गणपतीला पेणमध्ये आमचा पहिला मोठा कार्यक्रम झाला. कुणीतरी त्याचा व्हिडिओ फिरवला आणि मग आम्हाला उसंत मिळाली नाही. कंपनीचा कौटुंबिक मेळावा, सोसायटीचं हळदीकुंकू, खांब गावाच्या पुढच्या रिसॉर्टवर कुणाच्या तरी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस. हायवेच्या खड्ड्यांत कुत्रा इतक्यांदा ओकला, की गाडीत गाणी लावली तरी त्याला मळमळायला लागायचं. आणि पोचल्यावर काय, तर सत्कार. आपल्याकडे आधी सगळ्यांचा सत्कार होतो आणि मग उरलेल्या वेळात कार्यक्रम. पाहुण्यांचा, पाहुण्यांच्या पत्नीचा, मंडपवाल्याचा, माईकवाल्याचा. कुत्रा तिकडे उन्हात पत्र्याखाली जीभ काढून उभा. पाणी मागितलं तर प्लास्टिकच्या ग्लासात घोटभर आणून दिलं. एका ठिकाणी त्याच्या गळ्यात झेंडूचा एवढा हार घातला, की त्यावर पाय पडून तो पहिल्याच गिरकीत आपटला. लोक हसले. त्यांना वाटलं, तसंच बसवलंय.

मी भांडले. मी खूप भांडले. दत्तजयंतीला कुणी त्याला पेढा भरवायला आलं तर त्यांच्याशी भांडले, कारण देवाच्या पायाशी चार कुत्री दिसतात म्हणून त्या एका दिवशी त्याच्या पाया पडणारी माणसंच दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या कुत्र्याला दगड मारतात. थंडीत पोपटीच्या पार्टीला बोलावलं आणि शेंगांबरोबर मडक्यात कोंबडी भाजत असताना त्याला त्याच मडक्याशेजारी नाचायला सांगितलं, तिथेही भांडले. डीजेवाल्यांशी तर भांडून भांडून घसा बसला. एकूण वर्षभरात माझं नाव झालं ते असं, की बाईचा कुत्रा चावत नाही, बाई चावते. मला ते आवडायचंही. आपण मुक्या जनावरासाठी तोंड वाजवतो, याचा एक माज असतो. तो मला चांगलाच चढला होता. फक्त गागोद्याच्या शाळेत मी एकदाही आवाज चढवला नाही. तिथली मुलं जमिनीवर मांडी घालून बसली आणि कुत्रा नाचत होता तोवर कुणी हललंसुद्धा नाही.

शिकवणं दोन ठिकाणी चालायचं. रविवारी वरसेला, एका मोकळ्या प्लॉटवर, आणि बुधवारी पेणला एका शाळेच्या हॉलमध्ये. शिकणारे बहुतेक हौशी. आपलं कुत्रं इंग्रजीतच ऐकतं असा त्यांचा समज. एका बाईंचा सोनेरी केसांचा भला मोठा कुत्रा होता, त्याला बसायला सांगितलं की बाईच बसायच्या. या नाचात कुत्र्याला गिरकी शिकवणं सोपं, पायांतून आठाच्या आकड्यासारखं फिरवणंही सोपं. अवघड असतं ते मागे चालणं. माणूस मागे सरकतोय आणि कुत्रा त्याच्या पायाला चिकटून, तोंड पुढे ठेवून, तसाच मागे सरकतोय, हे बघायला साधं वाटतं. पण कुत्र्याला आपल्याला मागचे पाय आहेत हे माहीतच नसतं. ते नुसते पुढच्यांच्या मागून येतात. म्हणून दोन बाकांच्या मधे त्याला उभं करायचं, खाऊ दाखवायचा, एक पाऊल मागे गेला की द्यायचा. माझ्या काळ्याला चार पावलं यायला पावसाळा गेला. सोनेरी कुत्रा अजून बाकावर चढून बसतो.

पाऊस सरल्यावर, मिठागरांची कामं सुरू होतात त्या दिवसांत, मी खाडीकडच्या एका गावी शाळेतला कार्यक्रम करून परत येत होते. कुत्र्याला पाय मोकळे करायला सोडायचं म्हणून बांधावर गाडी थांबवली. खाली आगर, म्हणजे मिठाचे वाफे. खारं पाणी आत घ्यायच्या आधी वाफ्याचा तळ पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावा लागतो, नाहीतर मिठात चिखल येतो. एक बाई तळ तुडवत होती. वय साठीच्या आसपास, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं. उजवा पाय दोनदा, डावा एकदा, आणि मागे. उजवा दोनदा, डावा एकदा, आणि मागे. तिच्या डाव्या पोटरीला चिकटून एक मातकट रंगाची कुत्री होती आणि ती तिच्याबरोबर मागे चालत होती. तोंड पुढे, पाय मागे. वाफ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. बाई वळली तेव्हा कुत्री मागचे पाय आत घेऊन तिच्याबरोबर वळली आणि पुन्हा सुरू. खाऊ नाही, बाक नाही, कुणी शाबासकीही दिली नाही. मी बांधावर उभी राहिले आणि मला आधी आश्चर्य वाटायच्या ऐवजी चक्क राग आला. पावसाळाभर बाकं ओढून माझी कंबर गेली होती.

"मावशी, हिला हे कुणी शिकवलं?" मी वरून विचारलं.

"कोन शिकवतंय?" ती न थांबता म्हणाली. "पिल्लू व्हती तवापासून पायाशी. पुढं गेली की तुडवलेल्यावर पाय उठतान, मग माजी नडगी लागायची तिला. आपसूक मागं सरायला लागली."

मी चपला काढून खाली उतरले, पण तुडवलेल्या भागात पाय ठेवू दिला नाही तिनं. कडेकडेनं तिच्याबरोबर चालत मी तिला सांगितलं, की मी काय करते. ती हसली नाही, चावतो का असंही तिनं विचारलं नाही. माझ्या काळ्याकडे बघून म्हणाली, "खाऊन खाऊन सुस्तावलाय." तेव्हाच मला ती आवडली. मग मी सांगितलं, की येत्या माघीला पेणच्या उत्सवात माझ्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे, तुम्ही दोघी याल का. तिनं नाही म्हटलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, तेव्हाही नाही म्हटलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ती बांधावर भाकरी खात बसली होती. शेवटचा घास संपवून तिनं हात झटकले. मग म्हणाली, "मीठ सगली खातान. पन ते करताना आमचं पाय कोन बगतंय? एकदा बगू दे त्यांना. येते मी."

म्हणजे तिला स्टेज हवं होतं ते या एवढ्यासाठी. पेणच्या लोकांनी पाच मिनिटं बसून तिचं काम बघावं. मी शब्द दिला.

बुधवारी मी तिला आणि कुत्रीला गाडीतून हॉलवर आणायला लागले. पहिल्याच दिवशी मी माती खाल्ली. हॉलमध्ये स्पीकर लावला, एक ठसकेबाज गाणं निवडलं, खिशात खाऊ भरला आणि कुत्रीला माझ्या पद्धतीनं 'बरोबर' करायला निघाले. तासाभरात तिची नजर मावशीच्या पायावरून माझ्या खिशावर गेली. ती थांबायला लागली, वळून बघायला लागली, एकदा चक्क पुढे चालत आली. जे तिला जन्मापासून येत होतं ते मी तासाभरात मोडलं. गाडीत बसताना मावशी कुत्रीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुज्या खाऊनं तिला आगराचा रस्ता इसरवला." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढच्या बुधवारी मी खिसे रिकामे केले, स्पीकर कपाटात ठेवला आणि मावशीला शाळेच्या लाकडी स्टेजवर उभं केलं. "आगरात करता तसंच करा," म्हटलं. तिनं पाय मारला आणि फळी अशी घुमली, की बाहेर खो-खो खेळणाऱ्या मुली दारात येऊन उभ्या राहिल्या. दोनदा उजवा, एकदा डावा, आणि मागे. कुत्री तिच्या पोटरीला चिकटली. गाण्याची गरजच नव्हती. सोनेरी कुत्र्याच्या बाई माझ्या कानात म्हणाल्या, "आपलं सगळं रद्द करा हो, हेच ठेवा." मी त्यांना त्या दिवसापासून चांगलं म्हणायला लागले.

माघीच्या कार्यक्रमाला आम्ही चारच्या सुमारास पोचलो. तीन विद्यार्थी, त्यांची कुत्री, माझा काळा, मावशी आणि तिची कुत्री. मावशी नवं हिरवं लुगडं नेसून आली होती, पाय मात्र अनवाणी, टाचांना मिठाच्या भेगा. कुत्रीला तिनं विहिरीच्या पाण्यानं आंघोळ घातली होती. मंडळाचे अध्यक्ष स्टेजमागे आले. सगळ्या कुत्र्यांवरून त्यांची नजर फिरली आणि मावशीच्या कुत्रीवर थांबली.

"हे काय मॅडम? हे गावठी."

"हिचाच मुख्य कार्यक्रम आहे साहेब," मी म्हटलं.

"अहो, कानाला खाच मारलीय. नसबंदीवाल्यांनी पकडलेलं रस्त्यावरचं कुत्रं हे, कुणालाही कळतं. पाहुणे पहिल्या रांगेत बसणारेत." मग त्यांनी मावशीला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मावशींना ठेवू की. आगरी बाई, लुगडं, पारंपरिक वाटतं. फक्त कुत्रं बदला. ते सोनेरी द्या त्यांच्या हातात."

मला हे आजही लिहिताना चीड येते. साडीवरचा ब्लाऊज बदला म्हणावं, तसं त्या माणसानं सांगितलं. ती कुत्री त्या पायांबरोबर चालते, दुसऱ्या कुठल्याही पायांबरोबर नाही, आणि ते पाय दुसऱ्या कुठल्याही कुत्र्याबरोबर नाचणार नाहीत, हे समजायला काय लागतं? मी तेवढं म्हटलंही. ते म्हणाले, "बरं, बाकीच्यांचं होऊ द्या आधी. यांचं शेवटी बघू."

आणि मी बरं म्हटलं.

का म्हटलं, ते खरं सांगते. विद्यार्थ्यांच्या घरची माणसं दुसऱ्या रांगेत येऊन बसली होती. पुढच्या वर्षाचं आमंत्रण याच मंडळाकडून यायचं होतं. आणि अध्यक्ष जाता जाता हळूच म्हणाले होते, "आज तुमचाही सत्कार आहे बरं का मॅडम." वर्षभर ज्या सत्कारांच्या नावानं मी बोटं मोडली, त्यातला एक माझा निघाल्यावर मला तो इतका वाईट वाटला नाही. मावशीला मी सांगितलं, "तुमचं शेवटी आहे, शेवटचं लोकांच्या लक्षात राहतं." तिनं मान हलवली आणि स्टेजच्या कडेला, पडद्याआड, कुत्रीला पायाशी घेऊन उभी राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही. "बसले तर पाय आखडतान," म्हणाली.

तिन्ही विद्यार्थ्यांचं झालं. सोनेरी कुत्रा एकदा पाहुण्यांकडे पाठ करून बसला, त्यालाही टाळ्या मिळाल्या. माझा आणि काळ्याचा नाच झाला. मग सत्कार सुरू झाले. मूर्तिकारांचा, देणगीदारांचा, पोलिसांचा, निवृत्त मुख्याध्यापकांचा. माझं नाव पुकारलं गेलं. शाल आली, नारळ आला, कुणीतरी फोटोसाठी मला हनुवटी वर करायला सांगितलं. निवेदकानं माझ्या काळ्याची ओळख 'लॅब्रॅडॉर' अशी करून दिली आणि मी हसले. मग त्यानं माईक माझ्या हातात दिला. "मॅडम, दोन शब्द."

पडद्याच्या फटीतून मला मावशीचे पाय दिसत होते. ती जागच्या जागी, आवाज न करता, उजवा दोनदा आणि डावा एकदा, असा सराव करत होती. कुत्री तिच्या पोटरीला चिकटलेली. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, की पेणच्या रसिकांनी माझ्यावर भरभरून प्रेम केलं, मंडळानं आणि अध्यक्षांनी मुक्या जनावरांच्या कलेला व्यासपीठ दिलं, त्यांची मी ऋणी आहे. टाळ्या झाल्या. मी खाली उतरले.

त्यानंतर लकी ड्रॉ झाला. लकी ड्रॉनंतर अध्यक्षांनी माईक घेतला आणि वेळेअभावी पुढील कार्यक्रम रद्द करत असल्याचं, तसंच महाप्रसाद तयार असल्याचं जाहीर केलं. खुर्च्या सरकल्या, पहिली रांग उठली. आठही वाजले नव्हते.

मी स्टेजमागे धावले आणि तिथे माझं तोंड सुटलं. अध्यक्षांना, मंडळाला, पहिल्या रांगेला, सगळ्या पेणला मी जे काही बोलले, ते इथे लिहिता येणार नाही. कारागीर बाईला उभी ठेवून लकी ड्रॉ काढतात, यांना लाज नाही, कुत्र्याचा कान बघतात, स्वतःचे कान धरून उभं राहायला हवं यांनी. मंडपवाले वायर गुंडाळता गुंडाळता थांबून ऐकत होते. सोनेरी कुत्र्याच्या बाई रडत होत्या. मी म्हटलं, "मावशी, चला आता, रिकाम्या स्टेजवर करू, मी बघते, आम्ही सगळे बघतो."

मावशीनं कुत्रीच्या गळ्यातली दोरी हाताला गुंडाळली. तिला राग आला होता असं मला वाटत नाही. दमली होती. चारपासून उभी होती.

"आता वरडून काय गो?" ती म्हणाली. "तवा माईक तुज्या हातात व्हता."

गाडीनं सोडते म्हटलं, तर तिनं नको म्हणून हात हलवला आणि लुगड्याचा काष्टा नीट केला. जाताना दोन पावलं परत आली. माझ्या खांद्यावरून शाल घसरली होती आणि तिचं टोक मांडवाच्या मातीत लोळत होतं. तिनं ते उचललं, झटकलं, माझ्या खांद्यावर नीट ठेवलं आणि निघाली. कुत्री तिच्या डाव्या पायाशी, पुढे तोंड करून, साधी चालत गेली.